निशाणी बांगडीची

मी बँकेत नोकरीला होतो असं आमच्या आळीत अजून काही जण समजतात. एकदाचं सांगून टाकतो: मी बँकेत कधीच नव्हतो. बँकेच्या दाराबाहेर उभं राहून लोकांना आत ढकलायचं, हे माझं काम होतं. आणि ज्यांना ढकलायचं ते दाराकडे पाठ करून उभे असत. या धंद्यात माझे केस पिकले, आणि त्यांतले निम्मे तरी वयामुळे पिकलेले नाहीत.

अलिबागच्या बाजारपेठेत आमच्या शेठची पेढी होती. मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या आगबोटींची तिकिटं काढून देणं, पासपोर्टाचे अर्ज भरणं, देवीच्या टोचणीचे दाखले गोळा करणं ही पेढीची कामं. पंचविसाच्या सालाच्या आगेमागे त्यात आणखी एक भर पडली. ज्याला मोंबाशाला राहायला जायचं त्याचं तिथल्या बँकेतलं खातं तो इथून निघण्याआधीच उघडून द्यायचं. शेठनी हे काम माझ्या गळ्यात घातलं, कारण पेढीत मलाच काय ते इंग्रजी येत होतं. ते शिकल्याचा मला पुढे फार पस्तावा झाला.

खातं उघडायची रीत ऐकायला सोपी आहे. मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टात, एका विलायती बँकेची कचेरी होती आणि तिचीच शाखा मोंबाशाला. इथे कार्डावर माणसाची सही घ्यायची. तिला नमुन्याची सही म्हणत. त्याची फोटोची नक्कल कोटात राहायची आणि कार्ड बोटीच्या टपालातून माणसाच्या आधी तिकडे पोचायचं. माणूस तिकडे उतरला की बँकेच्या खिडकीशी त्याने पुन्हा सही करायची. दोन्ही जुळल्या तर पैसे त्याचे. नाही जुळल्या, तर परक्या मुलखात रिकाम्या हाताने उभं राहायचं. शिवाय धक्क्यावर उतरतानाच तिथला अधिकारी विचारायचा, तुला इथे आधार काय? त्या वेळी बँकेत आपल्या नावाचं खातं आहे असं पत्र दाखवता आलं की तो पुढे सोडायचा. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला आल्या बोटीने परत पाठवल्याची उदाहरणं आमच्याकडे होती.

एवढं सगळं मी प्रत्येकाला समजावून सांगत असे, आणि प्रत्येक जण शांतपणे ऐकून घेऊन भलतंच विचारत असे.

मुरुडकडचे हसनमिया घ्या. बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून जन्म घालवलेला माणूस, चार समुद्रांचं पाणी प्यायलेला. आता भावाच्या दुकानात मोंबाशाला कायमचा राहायला निघाला होता. पैसे भरले, पावती घेतली, आणि म्हणाला, "भाऊसाब, आता मना पैसा दाखवा."

"पैसे बँकेत गेले, मिया."

"तेच बोलतो. खंय ठेवलाय तो दाखवा. माझा पैसा मी वळखतो."

बँकेत सगळ्यांचे पैसे एकत्र असतात, हे ऐकल्यावर तो असा काही हादरला की त्याने पाणी मागितलं. आपल्या नोटा दुसऱ्या कुणाच्या नोटांत मिसळणार ही कल्पनाच त्याला सोसेना. शेवटी तो स्वतः कोटात जाऊन बँकेची तिजोरी बाहेरून बघून आला, तेव्हा कुठे निघाला. तिजोरीचं दार जाड आहे, एवढं प्रशस्तिपत्र त्याने मला येऊन दिलं.

नागावच्या एका नारळाच्या बागाईतदारांचं वेगळंच. खातं उघडायला ओळख देणारा एक माणूस लागतो असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते दोन बैलगाड्या भरून माणसं घेऊन आले. म्हणाले, "एकानं वळख दिली नि दुसऱ्याला राग आला तर? सगल्यांचीच घ्या." पेढीच्या ओटीवर दुपारभर पानं खाल्ली गेली. शेठ आतून ओरडले, "भाऊ, ही पेढी हाय का लगन?" मला काय विचारता? मी वऱ्हाडी बोलावले नव्हते.

बँकही काही कमी नव्हती. तिला प्रत्येकाच्या घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव हवं असे. थळच्या कोळीवाड्यात कसला आला रस्ता आणि कसला नंबर? मी आपला लिहायचो, समुद्राकडून तिसरं घर. त्यावर कोटातून पत्र यायचं, समुद्राचा नंबर कळवा. खोटं वाटेल, पण असं पत्र खरोखर आलं होतं.

पण या सगळ्यांवर कडी केली ती निशाणीने.

ज्यांना सही येत नव्हती त्यांच्यासाठी आमच्याकडे जुन्या काळापासून निशाणीची रीत होती. कागदावर नाव लिहून त्यापुढे कुणब्याचा नांगर काढायचा, सुताराची पटाशी, शिंप्याची कात्री, बाईमाणसाची बांगडी. आता यातली मेख अशी की ती निशाणी ज्याची त्याने काढायची पद्धतच नव्हती. ती काढायची लिहिणाऱ्याने. ज्याची निशाणी तो नुसता लेखणीला हात लावायचा. झालं, कागद पक्का! तलाठ्याकडे, कोर्टात, गहाणखतात, सगळीकडे हे चालत आलेलं.

बँकेत हे कसं चालणार? अलिबागला माझ्या हातचा नांगर काढून दिला, तर मोंबाशाला तो कुणी काढायचा? मी काय प्रत्येकाबरोबर बोटीने जाऊ? म्हणून मी नियम केला, आपली निशाणी आपण काढायची. अंगठ्याला माझी हरकत नव्हती, पण मोंबाशाची शाखा अंगठ्याला नाकं मुरडायची. हाताने काढलेली खूण तिला ताडून बघता यायची.

या नियमापायी माझी जी चिडचिड झाली ती सांगून पटायची नाही. औत धरून हाताला घट्टे पडलेले गडी टाक हातात घ्यायला घाबरत. "तुमीच काढा, भाऊ, आमी हात लावतो," हे वाक्य मी स्वप्नातसुद्धा ऐकलं आहे. कुणी टाक मोडला, कुणी दौत लवंडली, आणि एक जण तर नांगर काढता काढता बैलही काढून बसला.

अशातच एके दिवशी नागावची भागीरथी आली. तिचा नवरा रामा सुतार दोनेक वर्षांपूर्वी आमच्याच पेढीतून मोंबाशाला गेला होता. तिथल्या गलबतांच्या कारखान्यात त्याचं बस्तान बसलं होतं. तिथे आपल्याकडचे बरेच सुतार एकटे राहत आणि मिळेल ते खात. रामाने बायकोला आणि लहान मुलीला बोलावून घ्यायचं ठरवलं होतं. भागीरथीने त्या माणसांसाठी खाणावळ चालवायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं. जागाही धरून ठेवली होती. म्हणून रामाने तिथल्या बँकेतलं खातं दोघांच्या नावावर करायला घातलं. दोघांपैकी कुणीही पैसे काढावेत, आणि एक गेला तर मागे राहील त्याचं खातं, असं ते होतं. त्यासाठी भागीरथीचं कार्ड इथून भरून जायला हवं होतं.

तिच्याबरोबर दीर आला होता, विठू. विठूही सुतारच. माणूस वाईट नव्हता. पण वहिनीने तोंड उघडायच्या आत तिचं उत्तर देऊन टाकायची त्याला खोड होती.

"बांगडी काढा, भाऊ," विठू म्हणाला. "ती हात लावंल."

"त्यांची बांगडी त्याच काढतील," मी म्हणालो आणि टाक भागीरथीपुढे धरला.

"तिला न्हाय येनार."

"बांगडी म्हणजे एक गोल. त्यात न येण्यासारखं काय आहे?"

पाटीवर खडूने तिने पुष्कळ गोल गिरवले. एक अंड्यासारखा, एक भोपळ्यासारखा. माझा संयम संपत आला होता. मग तिने टाक घेतला, पदर सावरला, आणि मी "अजून थोडा सराव करा" म्हणेपर्यंत कार्डावर काढूनही टाकली. खालून सुरुवात, उजवीकडून वर, डावीकडून खाली. पण टोकं जुळलीच नाहीत. जिथून निघाली तिथे पोचायच्या जरा आधीच हात उचलला. तांदळाचा दाणा मावेल एवढी फट राहिली.

मी कपाळाला हात लावला. कार्डं कोटातून मोजून येत. दुसरं मागवायचं तर टपाल चुकलं असतं. "अहो, पुरी करायची ना!"

"पुरीच हाय की," ती म्हणाली. "फट नसली तं हात कसा जायचा आत?"

बांगडीत हात कसा जातो यावर मी तिच्याशी वाद घालणार नव्हतो. कार्ड तसंच पाठवलं. कोटातल्या कचेरीत माझं सगळं काम एका पारशी हेडक्लार्ककडे असे. त्यांनी पत्रातून विचारलं, हे चित्र अपुरं राहिलं आहे का? मी उलट टपाली कळवलं, पुरं आहे, खातेदाराचं तसं म्हणणं आहे. खातं झालं. भागीरथीचं आणि मुलीचं तिकीट पुढच्या बोटीचं काढलं.

बोट सुटायला महिनाभर होता आणि मोंबाशाहून तार आली. रामा काळ्या तापाने गेला होता. तार आमच्या पेढीच्या पत्त्यावर आली, कारण घराला नंबर नव्हता. नागावला जाऊन ती वाचून दाखवायचं काम मलाच करावं लागलं. त्या ओटीवरचं मी इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं ते नाही.

तेरावं झाल्यावर विठू पेढीत आला. तिकिटं परत करा म्हणाला. मी रद्द करायचा कागद काढायला लागलो, एवढ्यात मागून भागीरथी आत आली. ती नागावहून चालत, त्याच्या मागोमाग आली होती, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कपाळ मोकळं, हात मोकळे.

"तिकटं ठेवा, भाऊ," ती म्हणाली. "मी जानार हाय."

"येड लागलं काय तुला?" विठू उठून उभा राहिला. "खंयच्या खंय जानार, एकटी? पोरीला घेऊन? हितं मी न्हाय काय?"

"तुमी हाव. म्हनूनच जाते."

यावर विठू पुन्हा खाली बसला. त्याला ते लागलं असावं. मला मात्र तिचं म्हणणं समजलं. त्याच्या घरात ती उपाशी राहिली नसती. पण जन्मभर त्याच्या ओट्यावर, त्याच्या बायकोच्या हाताखाली, विचारल्याशिवाय पाणीही न घेता राहिली असती, आणि तिची मुलगीही तशीच वाढली असती. मोंबाशाला खाणावळीची जागा अजून होती. रामाच्या सोबत्यांनी तारेमागून पत्र लिहून तेवढं कळवलं होतं, वहिनी येत असल्या तर आम्ही थांबतो.

अडचण वेगळीच होती. आता ती कुणाच्या आधाराने उतरत नव्हती. धक्क्यावरचा अधिकारी विचारणार, तुला आधार काय, आणि त्याला दाखवायला ते खातं सोडून तिच्यापाशी काही नव्हतं. ते खातं आता तिचंच होतं. पण बँकेचं म्हणणं, मागे राहिलेल्या खातेदाराने एका कागदावर नव्याने निशाणी करून द्यावी, ती कोटातल्या नकलेशी जुळली की आम्ही पत्र देऊ.

म्हणजे बांगडी.

मी हे सांगितलं आणि विठूचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आता ती बांगडी कशी काढंल, भाऊ?" या वेळी तो आडमुठेपणाने बोलत नव्हता. त्याला खरंच भीती वाटली होती. नवरा गेलेल्या बाईच्या नावापुढे बांगडी काढायची नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नसे, सगळ्यांना ठाऊकच असे. लिहिणारा अशा बाईच्या नावापुढे नुसतं टिंब देई.

मी दुसऱ्याच दिवशी रेवसहून लाँच धरून कोटात गेलो. हेडक्लार्कना सगळं समजावलं. त्यांनी चष्मा पुसत शांतपणे ऐकलं.

"तो फिर नवी निशाणी घेव ने, डीकरा."

"घेतली तर चालेल?"

"चालेल ने. फक्त जुनी निशाणी करून लिहून देवानु, के आजपासून नवी."

"पण जुनी करता येत नाही म्हणून तर नवी!"

"तो फिर कोर्टाचा कागद आणवानु."

"त्याला किती दिवस लागतील?"

"वरस. दोन वरस." मग त्यांनी मला चहा मागवला. बँकेने मला दिलेली तेवढी एकच गोष्ट उपयोगाची होती. मी परतीच्या लाँचवर रेवसपर्यंत मनातल्या मनात बँकेला शिव्या दिल्या आणि तिथून अलिबागपर्यंत आमच्या रीतीभातींना. दोघांनी मिळून एका बाईला दारात अडकवून ठेवलं होतं, आणि दोघंही म्हणत होते, आमचा तर नियमच आहे.

कागदावर निशाणी करायच्या दिवशी विठू ज्ञातीतल्या एका म्हाताऱ्याला घेऊन आला. त्यांना सगळे तुकाआबा म्हणत, आणि सुतारांत त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. भागीरथी मुलीला घेऊन आधीच येऊन बसली होती. मी कागद पुढे ठेवला. तो दिवस गेला तर टपाल चुकणार होतं, आणि टपाल चुकलं की बोट.

तुकाआबा म्हणाले, "पोरी, आंगठा दे. बांगडीचं नाव काढू नको. गेल्या जीवाला तरास होतो."

"आंगठा चालत न्हाय, आबा. भाऊंनी सांगितलंय."

"तं मग नशिबात न्हाय म्हनायचं. विठूच्या घरात रा. त्यो तुला टाकनार हाय काय?"

विठूने मान हलवली. तो टाकणार नव्हता, हे खरंच होतं. मी तोंड उघडणार होतो, पण भागीरथीने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. मनगटावर अजून काचेचे ओरखडे होते.

"आबा, हातातल्या तुमी फोडल्या," ती म्हणाली. "मी हात फुडं केला. काय बोलली न्हाय. ही त्यातली न्हवं. ही त्यांनी मागवली म्हनून मी काढली, मोंबाशाला त्यांच्या नावाशेजारी बसलीय. ती कोन फोडनार?"

आतून शेठही उठून दारात आले होते. तिने टाक उचलला. माझ्या मनात तेव्हा एकच धास्ती होती, आणि ती देवाधर्माची नव्हती. कार्ड भरलं त्या दिवशी मीच तिला गोल पुरा करायला बजावलं होतं. आता तिने माझं ऐकून तो पुरा केला तर? मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पुरा करू नका! पण बोललो असतो तर तिचा हात हलला असता.

खालून सुरुवात, उजवीकडून वर, डावीकडून खाली. अगदी शेवटाला आली आणि तिने टाक उचलला. तांदळाचा दाणा मावेल एवढी फट होती.

तुकाआबांनी डोळे पुसले आणि बाहेर जाऊन ओटीवर बसले. विठू मुलीला उचलून तिला बाजारातली गोळी घ्यायला घेऊन गेला. मी शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसलो, आणि माझ्या चष्म्यावर काय आलं होतं ते कळत नव्हतं.

बँकेचं पत्र वेळेवर आलं. निशाणी जुळते, खातं चालू आहे, बस्स. एवढ्यासाठी मी आणि एका बाईने काय काय केलं ते त्या पत्राला कुठून कळणार? रेवसच्या धक्क्यावर तिला पोचवायला विठूच आला होता. गाठोडं त्यानेच लाँचवर चढवलं, आणि सोबतच्या मंडळींना पुन्हा पुन्हा बजावत होता की पोरीला काठाशी जाऊ देऊ नका.

पुढे मी पेढीत बरीच वर्षं होतो. गेलेली माणसं आमच्याकडे परत येऊन कशी आहेत ते कधी सांगत नसत. या कामाची मला वाटते ती हळहळ हीच. दारातून ढकलायचं, आणि आत काय झालं ते कळायचं नाही.

पण एकदा चौलचा एक सुतार मोंबाशाहून सुट्टीवर आला आणि परतीच्या तिकिटासाठी माझ्यापुढे बसला. खाणावळीचं विचारलं तर तो उसळलाच.

"ती बाय? जेवन झकास, पन डोकं फिरवते मानसाचं! माझ्याकडं दाराची पाटी दिली रंगवायला. नाव नको बोलली, बांगडी काढ. मी चांगली गोल, झकपक, पिवळी बांगडी काढली. तं बोलती, पूस ती! वर्तीकडं न्हाय, खाल्ती जरा फट ठेव. मी बोललो, बाय, अशी अर्धवट बांगडी बघून लोक हसतील. तं बोलली, हसूं दे. पुरी काढलीस तं बँकेत चालनार न्हाय."